एकशे चार नंबरची बाटली

"काटकरबाई, एकशे चार नंबर कोण हो?"

तांबोळी मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं. टेबलावर मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेले कागद पसरले होते आणि त्यांचं बोट एका ओळीवर अडलं होतं. मी उभीच होते. मला खुर्चीत फार वेळ बसवत नाही, तेव्हाही बसवायचं नाही. वही न उघडताच मी म्हटलं, "वनिता सुदाम ढोणे. हिंगणवाडी. सातवा लागलाय. साखर निघालीय ती."

"पहिलं बाळ पोटातच गेलं, तीच का?"

"तीच."

"बघा मग हे."

मी वाकून बघितलं. बाकीच्या बायांचे आकडे दोन, तीन, फार तर पाच. एकशे चारच्या पुढं शहाऐंशी. त्या कागदातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन-तीनच्या रांगेत शहाऐंशी आले म्हणजे काहीतरी भलतं आहे, एवढं कुणालाही कळेल.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मॅडम तेव्हा गरोदर बायांचा एक अभ्यास करत होत्या. प्लास्टिकच्या भांड्यांतून काही रसायनं अन्नात उतरतात, ती पोटात जातात, आणि त्यांचा साखरेच्या आजाराशी काही संबंध आहे का, हे त्यांना बघायचं होतं. माझं काम हिंडायचं. तालुक्यातली नऊ गावं माझ्याकडं होती. चौथ्या महिन्यातल्या बायांची सकाळची पहिली लघवी बाटलीत घ्यायची, बर्फाच्या पेटीत घालायची आणि दहाच्या आत आरोग्य केंद्रावर पोचवायची. सहाव्यात त्यांची साखर तपासायची. बाटली काचेची, रुंद तोंडाची, झाकण पत्र्याचं. नमुन्याला प्लास्टिक लागता कामा नये, हे मॅडमनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते झोपेतही म्हटलं असतं. गावात मला तोंडावर 'सर्वेवाल्या ताई' म्हणायचे आणि पाठ वळली की 'मूतवाली बाई'. मला राग यायचा, आणि मी तो गिळायचे नाही. तिथल्या तिथं वळून दोन शब्द सुनवायचे.

"म्हणजे मॅडम, हिला प्लास्टिकमुळं साखर झाली?" मी विचारलं.

"असं मी म्हटलं का?"

"नाही, पण शहाऐंशी म्हणजे..."

"काटकरबाई, नीट ऐका. कडक, आरपार दिसणारं प्लास्टिक असतं ना, त्यात बिसफेनॉल नावाचं एक रसायन असतं. गरम काही ओतलं की ते थोडं थोडं सुटतं. साखर असलेल्या लोकांत ते जास्त सापडतं, असं काही ठिकाणी दिसलंय. संबंध असू शकतो. कारण आहे, असं अजून कुणालाच म्हणता येत नाही. आणि एका बाईच्या एका आकड्यावरून तर मुळीच नाही." त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "तिला सांगा, आकडा जास्त आलाय, गरम अन्न प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस. पुन्हा एकदा नमुना देते का विचारा. एवढंच."

मी हो हो म्हटलं. पण माझं मन केव्हाच हिंगणवाडीच्या रस्त्याला लागलं होतं.

वनिताच्या सासूचं नाव अनसाबाई. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं नातवंड नवव्या महिन्यात सुनेच्या पोटातच गेलं. मुलगा होता, चांगला जाडजूड. त्या दिवसांत घरातला गुळाचा डबा लवकर लवकर रिकामा होत होता, एवढं अनसाबाईच्या लक्षात राहिलं होतं. या खेपेला सुनेला साखर निघाली आणि तिनं दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. "हिनं चोरून गूळ खाल्ला, साखर लावून घेतली, आन् माझं नातवंड घालवलं." येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायची. साखर झाली असं कधी म्हणायची नाही. लावून घेतली, असंच म्हणायची.

गुळाचा डबा कुलपात गेला. सुनेचं ताट सासू स्वतः वाढायला लागली. दुसरी भाकरी मागितली की, "किती खाशील अजून?" आणि बाळंतपणाला माहेरी जायचं, ते पुन्हा यायचं नाही, हेही घरात बोलून झालं होतं. बाळ वाचलं तर बघू, नाही वाचलं तर तिकडंच राहा.

मागच्या महिन्यात वनिता मला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आली होती. बारावी झालेली, नाकीडोळी नीटस, आणि बोलताना सारखी मागं वळून बघणारी. ती म्हणाली, "ताई, मी गूळ खाल्ला नव्हता. आईशप्पथ. घरात कुणालाच खरं वाटत नाही. हे बोलत नाहीत, पण यांनाही पुरतं वाटत नसणार. तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं की."

"नुसतं तुम्हाला वाटून काय होणार? कुणीतरी कागदावर लिहून द्यायला पाहिजे."

आता माझ्या पर्समध्ये तसा कागद होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी हिंगणवाडीला गेले.

सुदाम, वनिताचा नवरा, प्लास्टिकची भांडी विकायचा. आठवडे बाजारांतून टेम्पो लावायचा. त्यामुळं त्यांच्या घरात बघावं तिकडं प्लास्टिक. मिसळणाचा डबा, लोणच्याची बरणी, पिठाचं पिंप, सगळं त्याच्याच मालातलं. मी गेले तेव्हा तो अंगणात टेम्पो भरत होता. अनसाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. वनिता आत चुलीपाशी.

मी चप्पलसुद्धा काढली नाही. "मावशी," मी म्हटलं, "हिनं काहीएक खाल्लेलं नाही. मुंबईहून कागद आलाय."

"कसला कागद?"

"तपासणीचा. हिच्या अंगात प्लास्टिकचं रसायन निघालंय. बाकीच्या बायांच्या वीस पट. साखर त्याच्यामुळं झालीय, गुळामुळं नाही."

झालं. जे मॅडमनी सांगू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी बोलून बसले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहेरापासून सगळ्यांनी सांगितलेलं आहे. पण त्या घटकेला मला चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही. वनिता दारात आली होती आणि तिच्या तोंडाकडं बघून मला आणखीच जोर चढला.

अनसाबाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "ह्यात लिवलंय?"

"लिहिलंय. हा बघा हिचा नंबर, हा आकडा."

"गूळ न्हाई?"

"गूळ नाही."

अनसाबाईच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला. ती गोळा करायला वाकली नाही. मग सुनेकडं न बघता ती म्हणाली, "सकाळधरनं काय खाल्लंस का गं?" वनितानं पदर तोंडात कोंबला आणि ती आत पळाली. आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

सुदाम हातातली बरण्यांची चवड तशीच धरून जवळ आला. "ताई, कसलं प्लास्टिक?"

"कडक असतं ना, आरपार दिसतं, ते. गरम ओतलं की त्यातून उतरतं."

त्यानं हातातल्या बरण्यांकडं बघितलं. "पहिल्या खेपेला पण त्येच झालं आसंल?"

"असणारच की," मी म्हटलं.

एवढं बोलून मी परतले. एसटीत मला जागा मिळाली होती, तरी मी उभी राहून आले. कुणाच्या तरी डोक्यावरचा आळ मी उतरवला होता. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं आणि रात्री ढाराढूर झोपले.

चार दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचा म्हणून मी नवी बाटली घेऊन पुन्हा गेले. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले. घरातलं सगळं प्लास्टिक बाहेर येऊन पडलं होतं. टेम्पो भरलेला तसाच उभा होता, त्यावर धूळ बसली होती. गुरुवारचा बाजार होता, सुदाम एव्हाना केव्हाच निघायला हवा होता. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. दाढी वाढलेली.

"बाजारला नाही गेलात?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. वनिता बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, चार दिवस झाले, नीट जेवले नाहीत. तुम्ही बोला जरा."

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "काय झालं, सुदामभाऊ?"

त्यानं समोरची काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "पहिल्या खेपंला हिला उलट्या लई व्हायच्या. काय टिकायचं न्हाई पोटात. मग मी सकाळी बाजारला जायच्या आधी हिच्यासाठी पेज करायचो. आई उठायच्या आत. गूळ घालून. चांगली कडकडीत, आन् बरणीत भरून ठेवायचो, म्हंजी हिनं थोडी थोडी प्यावी." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "नऊ म्हैने. रोज. माझ्याच मालातल्या बरणीत."

गुळाचा डबा कसा रिकामा होत होता, ते कळलं. आईच्या धाकानं हा दोन वर्षं गप्प बसला होता आणि बायकोवर आळ येऊ दिला होता. रागही आला मला त्याचा. पण समोर बसलेल्या त्या माणसाकडं बघून तो टिकेना.

"हिला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"गूळ घालतो ते ठाऊक न्हवतं. गोड लागली की साखर हाय म्हनायचो. आईला परवा सांगितलं. आता काय लपवायचं? मीच आणलं घरात, मीच भरलं, मीच मारलं पोराला."

"असं म्हणू नका."

"मग कसं म्हणू? तुमीच सांगितलं की."

मी उठले आणि सैपाकघरात गेले. अनसाबाई चहा टाकत होती. वनिताच्या पुढ्यात ताट होतं, ताटात दोन भाकऱ्या आणि पालेभाजी. मला बघून अनसाबाईनं पाट सरकवला. फळीवरचे प्लास्टिकचे डबे गेले होते. त्यांच्या जागी पितळी डबे आले होते, आणि त्यांच्या मधोमध एक काचेची बाटली होती. रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. आत कढवलेलं तूप.

"ही बाटली कुठली, मावशी?"

"तुमचीच की. मागल्या खेपंला हिला दिली हुती न्हवं." ती हसली. दोन वर्षांत कदाचित पहिल्यांदाच हसली असेल. "आसल्या चांगल्या काचंत कोण मुततंय व्हय? म्या म्हनलं, सनासुदीला तुपाला हुईल."

चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला.

खरं सांगायचं तर मला ते ठाऊक होतं. त्या बाटल्या होत्याच तशा देखण्या. निम्म्या गावांतल्या बाया त्या ठेवून घ्यायच्या. कुणी मसाल्याला, कुणी हळदीला. नमुना मग जे हाताला लागेल त्यातून आणायच्या. मी काय करणार? दहाच्या आत केंद्रावर पोचायचं असायचं. परत पाठवलं तर ती बाई पुन्हा येणार नाही, माझा नंबर रिकामा राहणार, आणि माझ्या कामात खोट निघाली तर मला सोसत नाही. माझ्या पेटीत दोन-चार जादा बाटल्या असायच्या. मी अंगणवाडीच्या मागं जायचे, नमुना काचेच्या बाटलीत ओतायचे, नंबर चिकटवायचे आणि कागदावर 'काच' म्हणून लिहायचे. ओतलं काय आणि भरलं काय, लघवी ती लघवी, असं माझं शहाणपण.

"वनिता," मी विचारलं, "तेव्हा तू कशातून आणलं होतंस?"

"बरणीतून. ह्यांच्या मालातली छोटी, कोरी." ती घास थांबवून सांगायला लागली. "तुम्ही म्हणाला होतात ना, भांडं स्वच्छ पाहिजे. म्हणून उकळतं पाणी ओतून तासभर ठेवली होती. दोनदा. मग त्यातच धरलं."

बिचारीनं जेवढं स्वच्छ केलं, तेवढं ते नासलं होतं. ते शहाऐंशी वनिताच्या अंगातले नव्हते, त्या बरणीचे होते. मी चहा न पिता उठले. दुसरा नमुना मात्र त्या दिवशी माझ्यासमोर काचेत घेतला, आणि त्याचा आकडा यायला आणखी चार महिने लागणार होते.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते मलाच धड आठवत नाही. धुतलेली भांडी पुन्हा घासली. कपाट उपसलं, पुन्हा लावलं, पुन्हा उपसलं. नवरा म्हणाला, "पायाला भिंगरी लावलीय का आज?" मी त्याच्यावर खेकसले. डोक्यात एकच चाललं होतं. गप्प बसले तर वनिताला दोन भाकऱ्या मिळतात, सासू तिला खाल्लंस का विचारते, ती माहेराहून परत घरी येईल. आणि सुदाम? तो भिंतीला टेकून बसेल. किती दिवस? बोलले तर सुदाम उठेल, पण आळ फिरून वनिताच्या डोक्यावर. सातवा महिना चाललेला. तिसरा रस्ता मी खूप शोधला, मला सापडला नाही. आणि खरं सांगू का, मला माझीही भीती वाटत होती. काटकरबाईचं काम चोख, असं मॅडम चारचौघांत म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "अशा किती जणींचं ओतून घेतलंत?"

"अकरा."

"नंबर लिहा."

मी लिहिले. त्यांनी लाल पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेल्या. दोन वर्षांचं काम होतं ते. पेनाचा आवाज ऐकत मी उभी राहिले. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आणि तिच्या घरी काय सांगितलंत?"

तेही सांगितलं.

"मी संबंध म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही कारण म्हणालात."

"हो."

"त्या नवऱ्याला आत्ता कुणीतरी सांगितलं पाहिजे, कळतंय ना? मी येऊ?"

"नको. बोलले मी, निस्तरीन मी." मग दारापर्यंत जाऊन मी परत वळले. "पण मॅडम, मग तिला साखर कशानं झाली, ते तरी सांगा. मी काय सांगू तिथं?"

"पोटुशी असताना काही बायांना होते. आपण कारणं शोधतोय. प्लास्टिक हे त्यातलं एक असेलही. पण तिला कशानं झाली, हे मला माहीत नाही."

"आणि पहिलं बाळ? पेजेतल्या गुळानं?"

"त्या वेळी तिची साखर कुणी तपासलीच नव्हती. साखर असेल तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण असलीच तर वाटीभर पेजेतल्या गुळानं ती झाली, असं कुणी म्हणू नये. नेमकं काय झालं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "तिथं हेच सांगा. माहीत नाही, असं सांगा. अवघड असतं, पण सांगा."

दुपारी मी हिंगणवाडीत पोचले. तिघंही सोप्यात होती. सुदाम भिंतीपाशी, वनिता सुपात तांदूळ निवडत, अनसाबाई तिच्याजवळ. मी उंबऱ्यात उभी राहूनच बोलायला सुरुवात केली. बसले असते तर माझं धाडस झालं नसतं.

"मावशी, मी चुकले. तुमची बाटली तुपाला गेली, नमुना बरणीतून आला, आणि मी तो गपचूप काचेत ओतला. ते रसायन बरणीचं होतं. हिच्या अंगातलं नव्हतं. आणि असतं तरी त्यानंच साखर झाली, असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या. ते मी मनचं बोलले."

"म्हंजी कागद खोटा?"

"कागद खरा आहे. नमुना मी बिघडवला."

सुदामनं मान वर केली. "म्हंजी माझ्या बरणीनं न्हाई झालं?"

"झालं असं म्हणायला काही आधार नाही, भाऊ."

"मग गुळानं," अनसाबाई म्हणाली. "ह्येनंच घातला आसंना का, पर गुळानंच."

"गुळानंही नाही. गूळ न खाणाऱ्या बायांना पण होते."

"मग कशानं?"

"माहीत नाही, मावशी."

"आन् माझं नातवंड? त्ये कशानं गेलं?"

"ते पण माहीत नाही. आता कुणालाच कळायचं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "येवढ्या शिकल्याल्या तुमी. पेट्या घिऊन हिंडताय. आन् म्हाईत न्हाई?"

"नाही माहीत."

वनिताचा हात सुपात तसाच थांबला होता. अनसाबाईनं दोन्ही हात जमिनीवर टेकले, उठायला टेकतात तसे, पण ती उठली नाही. "दोन वरसं म्या हिला बोलतीया," ती म्हणाली. "बोललं की घटकाभर बरं वाटायचं. मंग चार दिस पोराला बोलले. आता कुनाला बोलू?"

"मला बोला," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. माझ्यासारख्या बाईनं असं म्हणायचं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यालाच कळेल.

"तू कोन? तुला बोलून काय हुनार हाय?"

ते मला चांगलंच लागलं. पण तिचं खरं होतं. मी त्या घरची कुणी नव्हते.

तेवढ्यात वनिता बोलली. सुपाकडं बघतच. "मी तुम्हाला बोलायचे, आत्याबाई."

"काय?"

"मनातल्या मनात. शेवटच्या महिन्यात तुम्ही मला हंडे उचलायला लावायचात. त्यानंच गेलं, असं मी रोज म्हणायचे. भाकरी थापताना म्हणायचे. तुम्ही मला मोठ्यानं बोलत होता ना, तेव्हा आतून मी तुम्हाला बोलत होते." तिचा आवाज फुटला. "मला पण कुणीतरी लागत होतं."

मला वाटलं, आता भडका उडणार. मी एक पाऊल पुढंही टाकलं. पण अनसाबाई सुनेकडं सरकली. तिनं सुनेच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

पुढं दोन महिन्यांनी वनिताला मुलगी झाली. मॅडमच्या ओळखीच्या दवाखान्यात, शहरात. दोघी सुखरूप होत्या आणि सव्वा महिन्यानं हिंगणवाडीलाच आल्या. सुदाम बाजाराला जायला लागला. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही, पण त्या दिवसापासून 'काटकरबाईचं काम चोख' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या नमुन्याचा आकडा तीन आला, आणि त्यानं कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. हे सगळं मला माहीत आहे, पण आठवते ती दुपार.

अनसाबाईनं सूप बाजूला ठेवलं, तरी मी दारातच होते. मी जावं की थांबावं, मला कळेना. निघाले तर पळाल्यासारखं दिसेल म्हणून उभी राहिले. मग ती सुनेला म्हणाली, "नाव काय ठेवनार हुतीस त्येचं?"

दोन वर्षांत त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. वनितानं आधी सुदामकडं बघितलं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

"सोहम," ती म्हणाली.

"सोहम," अनसाबाई म्हणाली. मग थोडं थांबून तिनं ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं, अंगणात कुणाला तरी ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. "हाक माराया सोपं हाय."